अंबाडी: पाल्यासाठी की बोंडांसाठी?

बेळगावच्या बाजारात कानडी भाजीवाली जिला ‘पुंडी’ म्हणते, त्या अंबाडीचा पाला आपल्या भागात आवडीने खाल्ला जातो. तिची लाल, आंबट बोंडे मात्र पुष्कळदा झाडावरच वाळून जातात. एकाच झाडाकडून दोन्हींची भरपूर अपेक्षा ठेवू नये. बोंडांसाठी लाल देठाच्या जातीची चार-पाच झाडे वेगळी राखावीत.

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, की बी साधारण एक सेंटिमीटर खोल टोकावे. पाल्याच्या रोपांना वीतभर अंतर पुरते, बोंडांच्या झाडांना मात्र तीन फूट जागा लागते. खानापूरकडच्या तांबड्या, मुरमाड जमिनीत पाण्याचा निचरा सहज होतो; अथणीकडच्या काळ्या जमिनीत वरंब्यावर लागवड करावी, कारण बुडाशी पाणी साचले तर मुळे कुजतात. सुरुवातीला एकदा शेंडा खुडला की फांद्या फुटतात, परंतु श्रावणानंतर बोंडांच्या झाडांचा पाला तोडू नये. अंबाडी दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते. म्हणून उशिरा पेरलेले रोप खुरटे असतानाच फुलावर येते, आणि रात्रभर दिव्याच्या उजेडात राहिलेले झाड फुलायला उशीर करते. अंगणातला दिवा मालवणे हाही मशागतीचाच भाग समजावा.

फिकट पिवळे, मध्यभागी गडद लाल असलेले फूल एकच दिवस टिकते. आपण ज्याला बोंड म्हणतो, ते फळ नसून फळाभोवती फुगलेली मांसल निदले, म्हणजे फुलाच्या बुडाशी असणारी दले, असतात; त्यांनाच घरोघरी पाकळ्या म्हणतात. फूल गळल्यानंतर सुमारे दोन-तीन आठवड्यांनी, ती करकरीत असतानाच तोडावीत. उशीर झाला की ती चिवट होतात. आतली बी असलेली बोंडी काढून पाकळ्या सावलीत वाळवाव्यात.

सरबतासाठी मूठभर वाळक्या पाकळ्या लिटरभर पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळाव्यात व गूळ घालावा. ताज्या पाकळ्यांची लसूण व मिरची घालून चटणी करावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती विशेष लागते. पाल्याच्या भाजीसाठी पाने आधी उकडून ते पाणी टाकून द्यावे, मग जोंधळ्याच्या कण्या व तूरडाळीबरोबर शिजवून वरून लसणाची सढळ फोडणी द्यावी. आंबटपणामुळे तांब्याचे वा अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. पाल्यात ऑक्झॅलिक आम्ल असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ही भाजी बेतानेच खावी.

एका झाडाची बोंडे मात्र न तोडता पूर्ण वाळू द्यावीत. पुढच्या मृगाचे बी त्यांतूनच मिळते.