पुलावरून जाताना पूल दिसत नाही: सेटल–कार्लाइल गाडीचे फोटो कसे काढाल

इंग्लंडच्या सुट्टीत एक अख्खा दिवस रेल्वेसाठी राखून ठेवा आणि तो लीड्सहून कार्लाइलला जाणाऱ्या गाडीला द्या. साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नसमारंभांची कामं करतो. पुतणी लीड्सला असते, त्यामुळे या मार्गावर मला पुन्हा पुन्हा जाता आलं. आता ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की फोन येतो, ‘काका, गाडीतून फोटो चांगले येत नाहीत हो, काय करू?’ फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

लीड्स ते कार्लाइल हा पावणेतीन तासांच्या आसपासचा प्रवास. त्यातला सेटलपासून कार्लाइलपर्यंतचा सुमारे 72 मैलांचा टप्पा मिडलँड रेल्वेने बांधला आणि 1876 मध्ये तो प्रवाशांसाठी खुला झाला. 1980 च्या दशकात तो बंद करायचं घाटत होतं. लोकांनी नेटाने विरोध केला आणि 1989 मध्ये सरकारने तो बेत सोडला. आज आपण त्या खिडकीत बसतो ते त्या लोकांमुळे, हे मनात असलं की फोटो काढायचा हातही जरा आदराने चालतो.

पहिला प्रश्न जागेचा. सूर्य ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूची खिडकी धरायची, म्हणजे समोरच्या डोंगरावर ऊन पडलेलं असतं आणि काचेवर थेट प्रकाश येत नाही. ही गाडी साधारण उत्तरेकडे जाते. सकाळी जाताना सूर्य उजवीकडे, म्हणून आपण डावीकडे बसायचं. दुपारनंतर परत येताना सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच, म्हणून परतीलाही डावीकडेच. दृश्यांचा हिशेबही नेमका असाच जुळतो. जाताना डावीकडे इंगलबरोचा डोंगर आणि पुढे डेंटडेलची खोल हिरवी दरी, येताना डावीकडे मॅलरस्टँगचा लांबच लांब कडा. जाताना पेन-ई-गेंटचा डोंगर मात्र उजवीकडे येतो. तेवढ्यापुरतं उठून पलीकडच्या माणसाला ‘एक्स्क्यूज मी’ म्हणावं, लोक आनंदाने सरकतात. आणखी एक बघा, बसण्यापूर्वी खिडकी तपासा. काही सीटांच्या शेजारी दोन खिडक्यांमधला खांब येतो, तिथे बसलात तर पावणेतीन तास प्लास्टिकचं पॅनेल बघत बसाल.

आपल्याकडे बोरघाटात काच वर सरकवून, गजांतून मोबाइल बाहेर काढून धबधब्याचे फोटो घ्यायची सवय असते. इथे ती चालत नाही. डब्याच्या खिडक्या पूर्ण बंद असतात आणि सगळी लढाई काचेतल्या प्रतिबिंबाशी असते. म्हणून त्या दिवशी गडद रंगाचे कपडे घाला. पांढरा शर्ट, फिकट जाकीट, जरीची ओढणी हे सगळं काचेत उमटतं आणि नेमकं हिरव्या डोंगराच्या मधोमध दिसतं. काळा किंवा गडद निळा स्वेटर घातलात तर निम्मं काम तिथेच झालं. बरोबर एक काळी शाल ठेवा आणि कॅमेऱ्याभोवती ती तंबूसारखी धरा. मोबाइल काचेच्या अगदी जवळ न्या, पण काचेला टेकवू नका, कारण काच गाडीबरोबर थरथरते आणि ती थरथर सरळ फोटोत उतरते. मी मोबाइल आणि काच यांच्यामध्ये दोन बोटं ठेवतो. कॅमेरा असेल तर रबराचा लेन्स हूड लावा, तो काचेवर अलगद दाबला की झटके स्वतः सोसतो आणि आतला उजेडही अडवतो. चकाकी कमी करणाऱ्या पोलरायझर फिल्टरचा मोह इथे टाळा. रेल्वेच्या काचेतून तो कधीकधी इंद्रधनुष्यासारखे पट्टे आणतो आणि वर उजेडही खातो.

आता वेग. रुळाजवळचं झुडूप आणि दूरचा डोंगर एकाच गाडीतून दिसतात, पण आपल्या डोळ्यासमोरून झुडूप झपकन जातं आणि डोंगर सावकाश. म्हणून जवळचं सोडा, दूरचं पकडा. शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर जाऊ द्या. ढगाळ दिवशी आयएसओ वाढून थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो मात्र कशानेच सावरत नाही. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर बदलता येतं, नसेल तर बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक फोटो, वापरा आणि नंतर एक निवडा. अल्ट्रावाइड लेन्स बंद ठेवा, तिच्यात खिडकीची चौकट आणि शेजाऱ्याचा कोपर येतो. चित्र अर्धं सेकंद आधी ओळखायला शिका. नजर गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवा, येणारा दगडी गोठा, ओढा, मेंढरांचा कळप तिथेच दिसतो. तो समोर आल्यावर मोबाइल उचललात तर तो गेलेला असतो.

या भागात डोंगरउतारांवर दगडी बांध चढत गेलेले दिसतात. चुना-सिमेंट काही नाही, नुसता दगडावर दगड, कोकणातल्या गडग्यांसारखे. ते चित्राला रेषा देतात. फ्रेम अशी धरा की एखादा बांध खालच्या कोपऱ्यातून निघून नजरेला वर डोंगरमाथ्याकडे नेईल. इंग्लंडचं आकाश बऱ्याचदा पांढरं फटक असतं, त्याला फ्रेममध्ये पट्टीएवढीच जागा द्या आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं कमी करा. मोबाइलवर डोंगरावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग बोट जरा खाली ओढलं की आकाश जळत नाही. पाऊस लागला तर हळहळू नका. काचेवरच्या थेंबांवर फोकस करा आणि मागचा डोंगर धूसर राहू द्या, त्या हवेचा खरा फोटो तोच.

यानंतरचा मुद्दा माझ्या लेखी सगळ्यात मोठा आहे. या मार्गाचं सगळ्यात गाजलेलं दृश्य म्हणजे रिबलहेडचा पूल. 24 कमानी, उंची जवळजवळ 32 मीटर, लांबी सुमारे 400 मीटर. लोक गाडीत कॅमेरा सरसावून बसतात, गाडी पुलावरून जाते आणि हाती येतं नुसतं माळरान. साहजिकच आहे, आपण पुलाच्या डोक्यावर असतो. म्हणून रिबलहेड स्टेशनात उतरा. तिकीट काढतानाच ही सोय करा. ‘अॅडव्हान्स’ प्रकारचं तिकीट ठरलेल्या गाडीचंच असतं आणि त्यावर मध्येच उतरता येत नाही. उतरण्यापूर्वी नॅशनल रेलच्या ॲपवर पुढची गाडी बघून ठेवा, इथे दोन गाड्यांमध्ये सहज दोन तासांचं अंतर पडतं. ते दोन तास कमीच वाटतील.

स्टेशनापासून पुलाच्या पायथ्याशी पंधरा-वीस मिनिटांत चालत पोचता येतं. वारा सोसाट्याचा असतो आणि पायवाट सोडली की जमीन दलदलीची, तेव्हा पायात बूट हवेत आणि टोपी पट्ट्याची. रस्त्याच्या अंगाने पुलाकडे पाहिलं की मागे व्हर्नसाइडचा डोंगर उभा असतो, उंची 736 मीटर, यॉर्कशर डेल्स या डोंगराळ भागातला सगळ्यात उंच. या बाजूने सकाळचं ऊन कमानींवर समोरून पडतं. संध्याकाळी सूर्य पुलाच्या मागे जातो, तेव्हा कमानी काळ्या आकृत्यांसारख्या दिसतात. ते हवं असेल तर छानच, पण दगडाचा पोत बघायचा तर सकाळ गाठा.

थोडं जवळ जाऊन खांब निरखा. दर सहावा खांब बाकीच्यांपेक्षा जाड आहे. एखादी कमान कोसळलीच तर पडझड त्या जाड खांबाशी थांबावी, अख्खा पूल जाऊ नये, म्हणून बांधणाऱ्यांनी केलेली ही योजना. हा फरक फोटोत दाखवायचा तर पुलाच्या समोर उभं राहू नका, टोकाला जाऊन तिरकं बघा, म्हणजे खांब एकामागे एक रांगेत येतात आणि जाड खांब डोळ्यात भरतो. पायथ्याशी माणूस उभा करा, त्याशिवाय पुलाची उंची कळत नाही. माझ्या वहिनी नऊवारीवर जाड कोट आणि स्पोर्ट्स शूज अशा कमानीखाली उभ्या होत्या. फोटोत त्या बोटभर दिसतात आणि त्यांच्यामुळेच पूल केवढा आहे ते कळतं. घरच्या मंडळींना कॅमेऱ्याकडे बघायला सांगू नका, वर कमानीकडे बघू द्या.

मग गाडीची वाट बघा. 1985 पासून पुलावर एकच रूळ आहे आणि गाडी इथे सावकाश जाते, त्यामुळे घाई होत नाही. चित्र आधी जुळवून ठेवा, गाडी नेमकी कुठे हवी ते ठरवा आणि ती तिथे आल्यावरच शटर दाबा. प्रवासी गाडी दोन-चार डब्यांची असते. ती पुलाच्या मधोमध धरली तर हरवते, टोकापासून एक तृतीयांश अंतरावर शोभते. उन्हाळ्यात वाफेच्या इंजिनाच्या खास गाड्याही या मार्गावरून जातात. त्यांच्या तारखा आधी बघून ठेवल्यात तर दिवस सार्थकी लागेल. वाफेच्या गाडीसाठी फ्रेममध्ये वर जास्त जागा सोडा, धूर कापू नका.

या माळावर पूल बांधणाऱ्या मजुरांच्या वस्त्या होत्या. 1871 मध्ये तिथे देवीची साथ आली. या कामाच्या काळात गेलेली दोनशेच्या आसपास माणसं, मजूर आणि त्यांची बायकामुलं, जवळच्या चॅपल-ल-डेलच्या चर्चच्या आवारात पुरलेली आहेत. पुलाखाली उड्या मारणारे फोटो जरूर काढा, पण एक फोटो नुसत्या दगडाचा घ्या. छिन्नीचे घाव, शेवाळ, ओघळलेलं पाणी. सकाळच्या तिरक्या उन्हात ते घाव अजून वाचता येतात.

पुढची गाडी पकडली की पुलानंतर लगेच ब्ली मूरचा बोगदा लागतो, सुमारे 2.4 किलोमीटरचा. बोगद्यात शिरताच खिडकीचा आरसा होतो. मघाशी ज्या प्रतिबिंबाशी भांडत होतो ते आता कामाला लावा, सगळ्या कुटुंबाचा काचेतला फोटो घ्या. शटर 1/60 पर्यंत खाली आणा आणि बोगदा संपायच्या आत परत वर न्या. बाहेर पडताच डेंटडेल उघडतं. डेंट हे इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सगळ्यात उंच स्टेशन, 1,150 फुटांवर. बर्फ अडवण्यासाठी रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर उभे रोवून केलेलं कुंपण तिथे दिसेल. गार्सडेलच्या फलाटावर एका कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. मार्ग वाचवण्याच्या अर्जावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता. गाडी जेमतेम थांबते, त्यामुळे पुतळ्यासाठी खाली उतरायच्या भानगडीत पडू नका, दारातूनच बघा.

डब्यातल्या माणसांचे फोटो विसरू नका, वीस वर्षांनी तेच आधी बघितले जातील. वहिनींनी टेबलावर डबा उघडला, थालीपीठ आणि लसणाची चटणी, आणि बाहेरून मेंढरं जात होती. असा फोटो काढताना खिडकीचा उजेड चेहऱ्यावर घ्या. माणूस खिडकीला पाठ करून बसला तर चेहरा काळा पडतो. त्याला बाहेर बघायला लावा आणि आपण बाजूने काढा, फ्लॅश बंद ठेवून. स्टेशनांच्या फलाटावर तर फ्लॅशला मनाईच आहे, कारण ड्रायव्हरचे डोळे दिपतात. पिवळ्या रेषेच्या आत राहा, ट्रायपॉडही कडेला लावू नका. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

रेल्वेनंतरचा दिवस यॉर्कला द्या, लीड्सहून अर्ध्या तासाच्या आत पोचता. तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. 1938 मध्ये ताशी 126 मैलांचा विक्रम करणारं निळं ‘मॅलर्ड’ इंजिन तिथे आहे आणि जपानची शिंकान्सेन बुलेट ट्रेनही. इंजिन उभं राहून काढू नका, गुडघ्यावर बसा, म्हणजे चाकं मोठी आणि मागची गर्दी लपलेली येते. स्टेशनाजवळ शहराच्या तटावर चढून लेंडल पुलाकडे चाललात की मिन्स्टरचे, म्हणजे तिथल्या भव्य कॅथीड्रलचे, मनोरे समोर येतात. इथे वेळ दुपारनंतरची बरी, कारण मिन्स्टरचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, जेवून परत या. शॅम्बल्सच्या गल्लीत मात्र सकाळी नऊच्या आत. मिन्स्टरमधल्या रंगीत काचांसाठी एक्स्पोजर काचेवर लावा, भिंती काळ्या पडू द्या. बाहेर ढगाळ असेल तर रंग जास्त सारखे येतात.

रोज रात्री फोटो चाळा, नकोसे काढून टाका आणि उरलेल्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. घरी आल्यावर पन्नासेक फोटोंच्या मॅक्सी साइज प्रिंट काढून घ्या आणि मागे स्टेशनाचं नाव लिहा. आजच्या फोटो पेपरवर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर वापरा आणि शाई नीट वाळेपर्यंत एकावर एक रचू नका.