मागचा आकडा आणि आजचा निर्णय: पैशांच्या बाबतीत या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा निघाला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, येवला, चांदवड भागात घरोघरी एकच वाद चालतो: आत्ताच विकायचा की चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) भरायचा? आमच्याकडेही चालतो. या वादात सड, घट, निवडणीची मजुरी यांचा हिशेब क्वचितच निघतो. निघतो तो मागच्या सालचा भाव.

माणसं हिशेबात कच्ची असतात म्हणून निर्णय चुकतात, हे मला पटत नाही. माझा धाकटा भाऊ वजनकाट्यावरून गाडी उतरायच्या आत तोंडी पट्टी (विक्रीचा हिशेब) काढतो. त्याचीही गडबड होते, पण ती हिशेब सुरू होण्याआधीच. एखादा जुना आकडा डोक्यात खुंटा ठोकून बसतो आणि पुढचा सगळा विचार दाव्याएवढाच फिरतो. खालची वाक्यं तुमच्या तोंडून निघाली, तर खुंटा ठोकला गेलाय असं समजा.

"दोन हजारांच्या खाली देणार नाही"

का नाही? कारण मागच्या वर्षी कुणाला तरी दोन हजार मिळाले होते. एवढंच.

समजा आज १०० क्विंटल माल आहे आणि भाव क्विंटलला १,५०० रुपये आहे. आज विकला तर दीड लाख हातात. चाळीत भरला तर चार-पाच महिन्यांत वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. ३० टक्के गेला असं धरलं, आणि पावसाळा वाईट गेला तर हे फार नाही, तर उरतो ७० क्विंटल. दीड लाखाला ७० ने भागा: २,१४३ रुपये. म्हणजे सप्टेंबरात दोन हजारांनी विकून जो पेढे वाटतो, त्याच्या हातात १ लाख ४० हजार येतात. दहा हजार कमी, आणि त्यात गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचं व्याज नि मजुरी धरलेलीच नाही.

माझं म्हणणं 'साठवू नका' असं नाही. साठवायचा की नाही ते २,१४३ च्या वर भाव जाईल का यावर ठरवा, मागच्या वर्षीच्या दोन हजारांवर नको. तुमच्या चाळीतली घट तुम्हालाच ठाऊक, तेव्हा ३० च्या जागी तुमचा आकडा घाला.

हा खुंटा किती सहज ठोकला जातो, ते आमोस त्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात दाखवलं. लोकांसमोर एक चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय आधीच केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांच्यासमोर १० आला होता त्यांच्या उत्तरांचा मध्य होता २५, आणि ६५ वाल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. मागच्या वर्षीच्या भावाचा निदान थोडा तरी संबंध असतो, म्हणून तो जास्तच फसवतो.

"एवढे भरलेत, आता मध्येच कसं सोडायचं?"

विम्याच्या जुन्या पॉलिसीबद्दल हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. पण हल्ली याची उलटी चूकही तितकीच दिसते, म्हणून इथे जरा थांबू.

एक उदाहरण घेऊ. हप्ता वर्षाला ५०,००० आणि मुदत २० वर्षं. ६ हप्ते भरले, म्हणजे ३ लाख गेले. आज पॉलिसी मोडली तर समजा १ लाख ८० हजार मिळतात, आणि शेवटपर्यंत चालवली तर अंदाजे १५ लाख. पहिल्या दिवसापासूनचा हिशेब मांडला तर परतावा वर्षाला पावणेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. हे बघून शहाणा पुतण्या म्हणतो, "काका, फेका ही पॉलिसी, पोस्टातसुद्धा यापेक्षा जास्त मिळतं."

पण पुतण्याही मागेच बघतोय. ते सहा हप्ते आता काही केल्या पूर्ण परत येणार नाहीत. तोटा होऊन गेला. आजचा प्रश्न असा आहे: मोडून हाती येणारे १ लाख ८० हजार आणि पुढचे १४ हप्ते या पॉलिसीत ठेवले, तर त्यावर काय मिळेल? हे गणित केलं की उत्तर सहा टक्क्यांच्या जरा खाली येतं. काका "भरलेत म्हणून" चालू ठेवत होते, ते कारण चूक. पुतण्या "परतावा पावणेचार" म्हणून मोडायला सांगत होता, तेही चूक. आता तुलना सहा टक्क्यांशी, आणि तीही तुम्ही ते पैसे दुसरीकडे *खरोखर* काय कराल याच्याशी. पुतण्याच्या तक्त्यात दरमहा शिस्तीत गुंतवणूक होते. काकांकडे मात्र हाती आलेले पैसे बहुतेक वेळा बाथरूमच्या टाइल्समध्ये जातात.

तेव्हा विमा कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: आज मोडली तर किती, हप्ते बंद करून पेड-अप केली (म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवली) तर शेवटी किती, आणि पूर्ण चालवली तर किती (यातलं हमीचं किती, बोनसच्या अंदाजाचं किती, हे वेगवेगळं विचारा). १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडर मूल्याचे (मुदतीआधी मोडल्यावर मिळणाऱ्या रकमेचे) नियम बदलले आहेत, त्यामुळे एजंटने पूर्वी सांगितलेला आकडा धरून बसू नका. आणि घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा) हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी मोडू नका.

"घेतलेल्या भावाला आला की काढून टाकतो"

३०० ला घेतलेला शेअर १८० वर आहे. तुम्ही ३०० ला घेतला होता हे त्या कंपनीला माहीत नाही, बाजारालाही नाही. ते फक्त तुमच्या डिमॅट खात्याच्या लाल अक्षरांना माहीत आहे. तरीही तो विकला जात नाही, आणि पैशांची गरज पडली की हिरवा दिसणारा चांगला शेअर आधी विकला जातो. टेरन्स ओडीन या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरची १०,००० खाती तपासली होती. तिथेही हेच दिसलं: लोक नफ्यातले शेअर पटकन विकत होते आणि तोट्यातले कवटाळून बसत होते. गंमत म्हणजे, विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात ठेवलेल्यांपेक्षा सरासरीने बरे चालले.

उपाय एका प्रश्नाचा: हा शेअर आज माझ्याकडे नसता आणि हातात १८० रुपये असते, तर मी तो घेतला असता का? नसता, तर ठेवायचं कारण उरत नाही. शिवाय विकून झालेला भांडवली तोटा दुसरीकडच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो आणि प्राप्तिकराचं विवरणपत्र वेळेत भरलं तर ८ वर्षं पुढेही नेता येतो. "विकला तर तोटा होईल" म्हणणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही की तोटा झालेला आहे, फक्त त्याची करसवलत घ्यायची राहिली आहे.

"त्याने बघ कसे कमावले"

हा दुसऱ्याचा मागचा आकडा. कमावलेला माणूस टपरीवर सांगतो, गमावलेला घरीसुद्धा सांगत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत) उतरण्याआधी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, मोजलेला आकडा बघा: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत पडलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तुमचा मित्र उरलेल्या ७ मध्ये असेलही. तुम्ही कुठे असाल हे ठरवायला मात्र ९३ हाच आकडा कामाचा.

"मी तर म्हटलंच होतं"

१९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिकच्या बाजार समित्यांत काही दिवस लिलाव बंद राहिले. ज्यांनी मेमध्ये विकला होता ते एका रात्रीत हुशार ठरले आणि चाळ भरलेले मूर्ख. खरं तर मेमध्ये दोघांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. निकालावरून निर्णयाची परीक्षा केली की नशीबच अनुभव म्हणून डोक्यात जमा होतं, आणि पुढच्या वर्षी तेच खुंटा बनतं.

यावर मला तरी वहीशिवाय दुसरं औषध सापडलेलं नाही. निर्णय घेतला त्याच दिवशी चार ओळी लिहा: काय ठरवलं, का, काय घडलं तर ठरवलेलं बदलायचं, आणि उलट बाजूचं सगळ्यात तगडं कारण कोणतं. चौथी ओळ लिहिताना हात अडतो; अडला तर तुम्ही विचार आधीच थांबवलाय. आमची जुनी पानं आज वाचताना लाज वाटते. एका पानावर कारण म्हणून नुसतं "सगळे ठेवतायत" एवढंच लिहिलंय.

लिहूनही पाळता येत नसेल तर

असं होतंच. हिशेब तोंडपाठ असलेला माणूसही बाजाराच्या आवारात शेजारच्या ट्रॅक्टरचा भाव ऐकून फिरतो. मग निर्णय एकदाच घ्यायचा नाही, तुकडे करायचे. माझ्या धाकट्या भावाने मालाचे तीन भाग केले: एक काढणीला, एक जुलैत, एक सप्टेंबरात. तारखा वहीत, आणि वही वहिनीकडे. पहिला भाग विकल्यावर आठ दिवसांत भाव शंभराने चढला. तो दिवसभर कुरकुरत होता, संध्याकाळी वही मागायला गेला. वहिनी म्हणाली, "जुलैत देते."