खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची चाल : माझा अनुभव

उजव्या खुब्याचं हाड जोडलं, वॉकर सुटला, पण लंगडणं जाईना. फिजिओताईंनी काठी डाव्या हातात दिली, मूठ मनगटाच्या उंचीला. काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे टाकायचा. खुब्यावरचा भार हलका झाला. खरा गुण मात्र डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय वर उचलण्याचा! कंटाळवाणा व्यायाम, तरी सोडू नका. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना दुखरा.

आमच्या मिशन-घराची बातमी : वसईचे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झालेले, यांच्या सणाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) यंदा मी उभ्याने अर्पण केली. भेटायला जरूर या, पण संध्याकाळी. सकाळी व्यायाम असतो.