शेंगा चटणीच्या पाकिटाचे लेबल करताना

सोलापुरी शेंगा चटणीच्या पाकिटाचे लेबल करायला घेताना, रंग निवडण्याआधी हे पाकीट कोण, कुठे आणि किती अंतरावरून पाहणार आहे, ते कागदावर लिहून काढावे. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत गिऱ्हाईक चालता चालता क्षणभरच थांबते. त्यामुळे पदार्थाचे नाव सर्वांत ठळक असावे, आणि निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख व शाकाहाराचे हिरवे चिन्ह नक्षीखाली दबता कामा नये. सोलापुरी चादरीची नक्षी पूर्ण पार्श्वभूमीवर पसरण्याचा मोह मलाही होतो, पण ती कडेच्या पट्टीपुरतीच शोभते.

अक्षरांकडे मात्र जिवापाड लक्ष द्यावे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि अक्षराखाली उकार येत असल्याने ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर ‘शेंगदाणे कुटून’ या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला भिडतो.

चटणीचा लालसर रंग स्क्रीनवर झळाळतो, चार रंगांच्या छपाईत मंदावतो. म्हणून एक नमुना खऱ्या मापात छापून, पाकिटावर चिकटवून, चार हात दूर ठेवून वाचावा. डोळे बारीक करावे लागले, तर आधी नक्षी कमी करावी, अक्षरांचा आकार नव्हे.