मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

चवथीला फोंड्याला घरी होतो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधून नुकती झाली होती आणि भाची लॅपटॉप घेऊन आली, मामा बघ ना, २ चा ६७वा घात काढून १ वजा केला तर शेवटी शून्यं येतायत, म्हणजे ही मूळ संख्या नाहीच ना? उत्तर बरोबर, कारण साफ चूक. एक्सेल १५ अंक दाखवतं आणि पुढे शून्यं ठोकतं. खरी संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, चांगली विषम आहे. ती मूळ नाही कारण ती १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ आहे, हे फ्रँक कोल या गणितज्ञाने १९०३ मध्ये कॉम्प्युटर नसताना दाखवलं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत करा, तिथे पूर्णांक कितीही लांब चालतो.

घात मूळ म्हणजे २ चा तो घात वजा १ पण मूळ, असं धरू नका. ११ मूळ आहे, पण २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९.

पुढची चूक मी स्वतः केलीय. फर्माची चाचणी: २ चा (न-१)वा घात, त्याला न ने भागून बाकी १ आली की न मूळ. हे कोडमध्ये टाकलं आणि २०४७ पण पास झाली! डोकं धरून बसलो, मग कळलं की २ च्या ११व्या घाताला २०४७ ने भागून बाकी आधीच १ आहे आणि २०४६ ला ११ ने भाग जातो, म्हणजे ती पास होणारच. मूळ घाताच्या अशा सगळ्या संख्यांचं हेच, २ घेऊन तपासणं म्हणजे चोरालाच विचारणं. ३ घ्या, २०४७ लगेच पकडली जाते. २०२४ मध्ये सापडलेली अशीच ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या पण आधी ३ घेऊनच हाती लागली, पक्कं नंतर लुकास-लेमर चाचणीने केलं (२ चा घात वजा १ अशा संख्यांसाठीची पक्की चाचणी, ती खाली येतेय).

एकेक संख्येने भागत बसायचं असेल तर वर्गमुळापाशी थांबा, आणि सगळ्यांनी भागू नका. २ चा ३१वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, हिचा कुठलाही मूळ भाजक ६२ च्या पटीत १ मिळवूनच येतो, म्हणजे वर्गमुळापर्यंत फक्त ७४७ संख्या बघायच्या. ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं होतं.

लुकास-लेमरमध्ये फेऱ्या मोजायला चुकतात. ४ पासून सुरू, वर्ग करा, २ वजा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या, आणि घातापेक्षा २ कमी इतक्याच फेऱ्या. १२७ साठी (घात ७) पाच फेऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. शून्य आलं, मूळ आहे. भाचीने लूप एकदा जास्त फिरवला, १२५ आलं आणि म्हणे मामा, तुझी १२७ पण गेली.