मक्याचं वाण बदलताय? आधी दहा गुंठ्यात बघा

मृगाचा पाऊस आला की कृषी सेवा केंद्रावर गर्दी होते अन् दुकानदार पुढे करेल ती पिशवी आपण उचलतो. दोन-तीन एकरवाल्यांनी तरी असं करू नये. सगळं रान एकदम नव्या वाणाखाली घालू नका, दहा गुंठे नवीन अन् शेजारीच नेहमीचं, पेरणी एकाच दिवशी आणि खत-पाणी पण सेम, मग काढणीला दोन्हीकडचं सारख्याच गुंठ्यातलं वाळवून वजन करा, कंपनीच्या प्लॉटवरचे फोटो बघून काही कळत नाही.

वाण निवडताना उत्पन्नाच्या आधी ते किती दिवसात काढणीला येतं ते विचारा. हलकं रान, पाण्याची सोय नाही, तिथं उशिरा येणारं वाण घेतलं आणि तुरा-कणीस पडायच्या वेळी पावसानं ताण दिला तर कणसात दाणेच भरत नाहीत, मग बियाणं कितीही भारी असो. राहुरी कृषी विद्यापीठाचा राजर्षी हा संकरित वाण आहे, म्हणजे बी दरवर्षी विकतच घ्यायचं, घरचं धरलं की पीक उंच-बुटकं होतं आणि उतारा घटतो. मांजरी संमिश्र वाण आहे, संकरित नाही, त्यामुळं त्याचं बी घरी धरता येतं, फक्त बांधाकडची कणसं सोडून रानाच्या मधली निवडा. आफ्रिकन टॉल चाऱ्यासाठी, दाण्याला नको.

पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, नव्वदच्या आसपास उगवले तर बिनधास्त पेरा. चांगला, ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय घाई नको. एकरी ६ ते ८ किलो बी, अंतर ६० बाय २० सेंमी, खोली ४-५ सेंमी. पावती, रिकामी पिशवी आणि लॉट नंबरचं लेबल काढणीपर्यंत जपून ठेवा, उगवण फसली तर तक्रारीला तेच लागतं.

युरिया एकदाच फेकून मोकळं होऊ नका, नत्र तीन हप्त्यात द्या, पेरताना, महिन्याने आणि ४०-४५ दिवसांनी. संकरित वाणाला खादाड म्हणतात ते खरंय, खतात काटकसर करायची असेल तर महागडं बी घेण्यात पॉइंट नाही.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ पासून आपल्याकडे ठाण मांडून आहे आणि नवीन वाण म्हणून ती काय सोडत नाही. उगवल्यापासून आठवड्यात दोनदा सकाळी पोंगे, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, बघा, पानावर खिडकीसारखे पांढरे चट्टे किंवा पोंग्यात भुश्शासारखी विष्ठा दिसली की समजा. शंभरात पाच-दहा झाडं अशी सापडली तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे कीटकनाशक, १० लिटर पाण्याला ४ ग्रॅम, आणि नोझल पोंग्यात धरूनच मारा, वरवर फवारलं तर अळीला पोचत नाही.