रविवारी बॉनेट उघडण्याआधी: जुन्या कार्बोरेटरवाल्या ८०० साठी तयारीची यादी

ही यादी कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) मारुती ८०० साठी आहे, म्हणजे साधारण २००० सालाच्या आधीची, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चोकची दांडी ओढून सकाळी सुरू करावी लागणारी. तुमची गाडी नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) असेल तर बॅटरीचं आणि हीटिंगचं बरंचसं लागू पडेल, पण प्लगच्या वायरी आणि कार्बोरेटरचा भाग सोडून द्या. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली, २०१४ मध्ये बनायची बंद झाली, तरी स्पेअर अजून मिळतात आणि बॉनेटखाली हात घालायला जागा आहे, त्यामुळे घरी शिकायला हिच्याइतकी चांगली गाडी नाही असं माझं ठाम मत आहे.

पाने काढायच्या आधी एक वही काढा. "गाडी बिघडलीय" किंवा "पिकअप नाही" एवढंच लिहून काही कळत नाही. कधी होतं ते लिहा, थंड असताना की गरम झाल्यावर, सिग्नलला उभी असताना की घाटात चढताना, पाऊस पडून गेल्यावर की पेट्रोल भरल्यावर, सेल्फ मारल्यावर टक् असा एकच आवाज येतो की टकटकटक येतो की इंजिन फिरतं पण पकडत नाही. आणि शेवटी गाडीला हात कुणी लावला, काय बदललं, तेही लिहा, कारण कालच्या कामानंतर आज तक्रार सुरू झाली असेल तर पहिली नजर कालच्याच कामावर टाकायची, तिथेच एखादी सुटलेली नळी नाहीतर ढिला राहिलेला क्लॅम्प सापडायची शक्यता सगळ्यात जास्त.

जागा सपाट आणि पक्की हवी, सोसायटीच्या उतारावर किंवा मातीत जॅक लावायचा नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धुराने जीव जातो आणि त्याआधी कळतही नाही. गाडी उचलणार असाल तर दोन जॅक स्टँड आणा, डिकीतला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, नुसत्या त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली पाचच मिनिटं का होईना, पण जाऊ नका. खाली टेकलेल्या चाकांना पुढून मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. एक छोटं पावडरचं अग्निशामक हाताशी, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलेलं, ओढणी किंवा सैल बाही नाही, आणि जवळपास कुणी बिडी-सिगरेट ओढणार नाही हे आधीच सांगून ठेवायचं. दुपारी उशिरा सुरुवात करू नका, सकाळी करा, काही अडलं तर स्पेअरचं दुकान उघडं असतं (रविवारी दुकान बंद असेल तर शनिवारीच प्लग आणि फिल्टर आणून ठेवा).

हत्यारं फार लागत नाहीत. ८ पासून १९ पर्यंतचे रिंग आणि डबल पाने, एक गोटी पान्यांचा सेट, प्लग पाना, चपटा आणि चौफुली स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फिलर गेज (बारीक गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कॉटन वेस्ट, हेडटॉर्च. यात एक गोष्ट बहुतेक जण टाळतात ती म्हणजे मल्टिमीटर, साधा डिजिटल घ्या पण घ्याच, कारण त्याच्याशिवाय इलेक्ट्रिकलचं सगळं निदान अंदाजपंचे होतं. शिवाय स्टिकर टेप आणि मार्कर, काढलेली प्रत्येक वायर आणि नळी काढायच्या आधी नंबर टाकायचा आणि मोबाईलवर फोटो. नटबोल्टसाठी रिकाम्या डब्या किंवा बर्फाचा ट्रे.

आता क्रम. स्टार्टिंगचा ट्रबल असेल तर आधी बॅटरी, मग अर्थिंग (बॅटरीच्या मायनसचं बॉडी आणि इंजिनशी जोडकाम), मग स्पार्क, मग पेट्रोल. हा क्रम मोडून थेट कार्बोरेटर उघडणारे खूप आहेत आणि निम्म्या वेळा कार्बोरेटरचा काही दोषच नसतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्लग, वायरी, फिल्टर सगळं एकदम बदललं आणि गाडी नीट झाली तर नक्की काय खराब होतं ते कधीच कळणार नाही, पैसे गेले ते वेगळेच.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी तपासा. मीटर डीसीवर, लाल प्रोब प्लसवर, काळा मायनसवर. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला. आता घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि मीटरकडे बघत राहा, आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संपलीय. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या मधे दिसलं पाहिजे, नसेल तर आधी फॅन बेल्ट ढिला आहे का बघा आणि मग अल्टरनेटर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर आधी मायनस, मग प्लस असं काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, व्हॅसलिन लावा, आणि लावताना उलट क्रम, मायनस शेवटी. व्होल्टेज चांगलं दाखवतंय तरी सेल्फ उचलत नाही, अशा वेळी अर्थिंग बघायचं. काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. शून्याच्या जवळ राहिलं तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर बॉडीपासून इंजिनला येणारी अर्थची पट्टी गंजलीय किंवा तिचा बोल्ट ढिला आहे. जुन्या गाडीत ही पट्टी वरून ठीक दिसते आणि आतून कुजलेली असते, आणि नवा सेल्फ घालूनही तक्रार तशीच राहते ती यामुळे.

मिसिंगसाठी, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेट घेत नसेल तर, गाडी गरम करून आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवा, हातात रबरी मोजे घाला आणि इन्सुलेटेड पक्कडीने एकेक प्लगची वायर क्षणभर सोडवून परत लावा. तीनच सिलिंडर असल्यामुळे एक बंद झालं की इंजिन लगेच थरथरायला लागतं, म्हणून फरक ऐकायला फार कान लागत नाहीत. ज्या वायरीने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच बंद होता. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला घालून बघा, दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग, नाही सरकला तर वायर, मग डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारा भाग) कॅप, आणि तरीही तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन बघायला गॅरेजमध्ये. प्लगचं टोकही बरंच सांगतं, बिस्किटासारखा तपकिरी रंग चांगला, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला, ओलं तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, फार पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी फाजील हवा घुसतेय.

पावसाळ्यात सुरू न होणारी गाडी असेल तर रात्रीची परीक्षा करा, लाइट बंद, बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि थोडं लांबून नुसतं बघत राहा. वायरींवरून बारीक निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरींचा सेट बदलायचाच. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आत केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथे तडा गेलाय, पुसून फायदा नाही, नवी घाला. नुसता ओलावा असेल तर कोरड्या कापडाने पुसून भागतं. तुमच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट (उघड-बंद होऊन ठिणगी पाडणारे संपर्क) असतील तर त्यांची गॅप मॅन्युअलमधे दिलेल्या आकड्याला फिलर गेजने जुळवा, घासताना पॉलिश पेपर हलक्या हाताने.

पेट्रोलकडे यायच्या आधी नाकाने काम करा. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या बोटाने दाबून बघा, चिकट झाल्यात, फुगल्यात किंवा वाकवल्यावर भेगा दिसतात तर बदला, पेट्रोलसाठीच बनवलेली नळी आणि चांगले क्लॅम्प वापरा. हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय, कारण पेट्रोल पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलंय आणि इथेनॉल जुन्या रबराला आणि गॅस्केटला सोसत नाही, जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. मग एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि अॅक्सिलरेटरची लिंक हाताने ओढा, आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडताना दिसायला हवी. पिचकारी नाही आणि गाडी झटका देऊन मग पळते, तर अॅक्सिलरेटर पंपाचा पडदा फाटला असेल किंवा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) चोंदलाय. चोकची झडप दांडी आत ढकलल्यावर पूर्ण उघडते ना तेही बघा, अर्धी अडकली तर गाडी काळा धूर मारते आणि पेट्रोल पिते. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांना भेगा पडतात, आयडल वरखाली होतं, सूं असा आवाज ऐकू आला तर तिथेच बघा.

हीट होण्याबद्दल: रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही, काहीही झालं तरी. थंड झाल्यावर पातळी बघा, आणि बोअरचं पाणी घालत असाल तर आजपासून बंद, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. पंखा लागत नसेल तर त्याचा कनेक्टर काढून बॅटरीवरून दोन वायरींनी सरळ करंट द्या, फिरला तर मोटर ठीक आणि दोष फ्यूज, रिले किंवा थर्मोस्विचमधे. काटा वर चढतोय पण रेडिएटरला जाणारी वरची नळी थंडच राहते, तर थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय. तो काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाका, त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, तेवढ्याला उघडतो का ते थर्मामीटरने बघा. बरेच जण थर्मोस्टॅट काढून फेकून देतात आणि म्हणतात आता हीट होत नाही, तसं करू नका, इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त लागतं आणि झीजही वाढते. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चॉकलेटी लोण्यासारखं चिकटलं असेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या आणि तिथे घरचं काम थांबवा.

बाकीचं पटापट: टायरांचं प्रेशर, वायपर रबर, दारांच्या खालच्या पाणी जायच्या भोकांत साचलेली माती, गालिच्याखालचा गंज, काचेखालच्या जाळीत अडकलेली पानं, उंदराने कुरतडलेल्या वायरी. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना चाकातून टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय आणि बहुधा त्याचं रबर आधीच फाटलेलं असतं.

ब्रेकचं पेडल मऊ लागत असेल, ब्रेक ऑइल कमी होत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसत असेल तर स्वतः उघडू नका, चालवतही नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. टायमिंग बेल्टचंही तसंच, कधी बदललाय ते माहीत नसेल तर अनुभवी माणसाकडून बदलून घ्या. गॅरेजला जाताना वहीतली नोंद बरोबर न्या आणि "गरम झाल्यावरच होतं, स्पार्क आहे, पेट्रोल येतंय" असं सांगा, मग मेकॅनिकलाही सुरुवात कुठून करायची ते कळतं आणि उगाच पार्ट बदलले जात नाहीत.

काम संपलं की हत्यारं मोजून घ्या, इंजिनवर पाना राहू देऊ नका. गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर तशीच उभी ठेवा, सकाळी डाग कुठे पडला आणि रंग काय ते बघा. चाक काढलं असेल तर पन्नासेक किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा आवळा.